पराभूत राष्ट्राचे नायक : मोमोतारोपासून शिंजीपर्यंत

१/
एप्रिल १९४५. महिनाभरापूर्वीच्या हवाई हल्ल्यात ओसाका शहराचा मोठा भाग जळून गेला होता. त्या आगीतून वाचलेल्या 'शोचिकुझा' चित्रपटगृहात सोळा वर्षांचा एक मुलगा शिरला. शहरातील लहान मुले खेड्यापाड्यांत हलवलेली होती आणि पडद्यावर मात्र मुलांसाठीचा चलच्चित्रपट चालू होता. तो पाहताना त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. आपणही एक दिवस असा चित्रपट करायचा, असे त्याने ठरवले आणि दैनंदिनीत तसे लिहून ठेवले.

मुलाचे नाव ओसामू तेझुका. पुढे जपानी अ‍ॅनिमेचा इतिहास त्याच्या नावापासून सांगितला जाऊ लागला. #थ्रेड

२/
तो चित्रपट होता 'मोमोतारो : उमि नो शिनपेइ', म्हणजे 'मोमोतारो : समुद्राचे पवित्र सैनिक'. दिग्दर्शक मित्सुयो सेओ, लांबी ७४ मिनिटे, प्रदर्शन १२ एप्रिल १९४५. जपानचा हा पहिला पूर्ण लांबीचा चलच्चित्रपट. खर्चाचा भार जपानी नौदलाने उचललेला.

त्याचा नायक निर्दोष होता. शूर, शिस्तबद्ध, निःशंक आणि सदैव विजयी. त्यानंतर चार महिन्यांतच जपानने शरणागती पत्करली. मग प्रश्न उरला तो असा की, ज्या राष्ट्राचा आदर्श नायकच पराभूत झाला, त्या राष्ट्राने आपल्या मुलांना पुढे कोणता नायक द्यायचा?

३/
मोमोतारो ही जपानमधील घराघरांत सांगितली जाणारी लोककथा. नदीतून वाहत आलेल्या पीच फळातून एक मुलगा जन्मतो. निपुत्रिक वृद्ध दांपत्य त्याला वाढवते. मोठा झाल्यावर कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबत घेऊन तो राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो आणि लुटलेली संपत्ती परत आणतो.

युद्धकाळात या कथेचा अर्थ ठरवणे सोपे होते. मोमोतारो म्हणजे जपान, सोबतचे प्राणी म्हणजे आशियातील अनुयायी आणि राक्षस म्हणजे पाश्चात्त्य सत्ता. १९४३ साली सेओ यांनीच 'मोमोतारोचे समुद्री गरुड' या चित्रपटात पर्ल हार्बरचा हल्ला राक्षसांच्या बेटावरील स्वारी म्हणून रंगवला होता.

४/
१९४५च्या चित्रपटात प्राणी-सैनिक दक्षिणेकडील एका बेटावर विमानतळ बांधतात, तिथल्या प्राण्यांना गाण्यातून जपानी अक्षरे शिकवतात, मग हवाई छत्र्यांनी उतरून शत्रूचा तळ जिंकतात. डोक्यावर शिंग असलेले इंग्रज अधिकारी मोमोतारोसमोर थरथरत शरणागतीची बोलणी करतात.

हा प्रसंग १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर येथे झालेल्या ब्रिटिश शरणागतीची आठवण करून देतो. त्या शरणागतीत हिंदी सैनिकांची संख्या फार मोठी होती आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी झाली. भारतीय वाचकाला हा प्रसंग म्हणूनच पूर्णपणे परका वाटत नाही.

५/
चित्रपटाच्या शेवटी गावातली लहान पिल्ले खेळताना दिसतात. झाडावरून उडी मारून हवाई छत्रीचे सैनिक होण्याचा त्यांचा खेळ चाललेला असतो. ती ज्या जमिनीवर उतरतात, तिथे अमेरिकेचा नकाशा काढलेला असतो.

पुढच्या पिढीने काय करायचे, हे या एका दृश्यात सांगून झाले. मुलांनी मोठे होऊन मोमोतारो व्हायचे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाचा आवाज नभोवाणीवरून ऐकू आला आणि हे भविष्य त्याच दिवशी संपले. चित्रपटाच्या प्रती नष्ट झाल्याचे मानले जात होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी शोचिकु कंपनीच्या गोदामात त्याची निगेटिव्ह सापडली, तेव्हा तो पुन्हा लोकांसमोर आला.

६/
१ जानेवारी १९६३. फुजी टीव्हीवर सायंकाळी 'तेत्सुवान आतोम' सुरू झाले. जगाने त्याला पुढे 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने ओळखले. तेझुकांनी ही चित्रकथा १९५०च्या दशकाच्या प्रारंभी मासिकातून सुरू केली होती. आता त्यांच्या 'मुशी प्रॉडक्शन' या संस्थेने ती दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर आणली.

वेळ अपुरा, पैसा त्याहून अपुरा. म्हणून चित्रांची संख्या कमी ठेवायची, तीच चित्रे पुन्हा वापरायची, कधी फक्त ओठ हलवायचे, अशी काटकसरीची पद्धत घडली. १९३ भागांच्या या मालिकेने अ‍ॅनिमे या व्यवसायाचा साचा घालून दिला.

७/
आतोमकडे एक लाख अश्वशक्ती होती, पायांतून ज्वाला निघत आणि तो आकाशात उडे. वरवर पाहता हा मोमोतारोच. त्याची जन्मकथा मात्र वेगळी होती.

डॉ. तेन्मा यांचा मुलगा तोबिओ मोटार अपघातात मरण पावतो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप मुलाची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती घडवतो. काही काळाने त्याच्या लक्षात येते की हा मुलगा कधीच मोठा होणार नाही. तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. म्हणजे हा नायक मुळात कुणाची तरी उणीव भरून काढण्यासाठी जन्मलेला आणि ते न जमल्यामुळे टाकून दिलेला.

८/
प्राध्यापक ओचानोमिझु त्याला सर्कशीतून सोडवतात. आतोम शाळेत जातो, माणसांना वाचवतो, पण माणूस होऊ शकत नाही. त्याच्या जगात यंत्रमानवांना दुय्यम मानले जाते. ज्यांच्यासाठी लढायचे, तेच त्याला आपल्यातला समजत नाहीत.

त्याच्या छातीत अणुऊर्जा होती. हिरोशिमा आणि नागासाकीला जेमतेम सहा-सात वर्षे झाली असताना मुलांच्या लाडक्या पात्राचे नावच 'अणू' ठेवले गेले, यात त्या काळची विज्ञानावरची आशा आणि भीती दोन्ही दिसतात. १९६६च्या अखेरच्या दिवशी मालिका संपली तेव्हा पृथ्वी वाचवण्यासाठी आतोम सूर्याच्या दिशेने निघून गेला.

९/
यानंतरचा नायक रस्त्यावरून आला. याबुकी जो हा अनाथ, उडाणटप्पू, भांडखोर मुलगा. टोकियोतील रोजंदारी मजुरांच्या वस्तीत तो भटकत येतो, फसवणूक करतो, पकडला जातो आणि बालसुधारगृहात पोहोचतो.

इक्की काजिवारा यांनी असाओ ताकामोरी या नावाने लिहिलेली आणि तेत्सुया चिबा यांनी चितारलेली 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो', ही चित्रकथा १९६८ ते १९७३ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या मुष्टियोद्ध्यांच्या कथांत सद्गुणी नायक कष्टाने विजयी होत. जोच्या अंगी सद्गुण शोधूनही सापडत नसत.

१०/
ही वस्ती काल्पनिक असली तरी तिचे मूळ खरे होते. टोकियोतील सान्या भागात स्वस्त भाड्याच्या खोल्यांत हजारो मजूर राहत. १९६४च्या ऑलिंपिकसाठी टोकियोत रस्ते, पूल, इमारती उभ्या राहिल्या, त्या अशाच रोजंदारीच्या हातांनी.

या वस्तीजवळच 'नामिदाबाशी', अर्थात अश्रूंचा पूल, हे नाव आजही टिकून आहे. एदो काळात जवळच वधस्थान होते आणि दंडितांचे आप्त इथे अखेरचा निरोप घेत, असे सांगितले जाते. कथेत जोचा गुरू, दारूच्या आहारी गेलेला माजी मुष्टियोद्धा दानपेइ, याच पुलाखाली आपली तालीम उभारतो.

११/
कथेच्या मध्यावर जोचा प्रतिस्पर्धी तोरू रिकिइशी मरण पावतो. जोच्या वजनगटात उतरण्यासाठी त्याने अन्नपाणी तोडून स्वतःला झिजवलेले असते.

२४ मार्च १९७० रोजी टोकियोतील कोदानशा प्रकाशनगृहात या काल्पनिक पात्राचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी व नाटककार शुजी तेरायामा यांनी त्यात पुढाकार घेतला. सुमारे ७०० लोक शोक करायला आले. चित्रकथेतल्या माणसासाठी लोकांनी असे जमावे, हे तोवर जपाननेही पाहिले नव्हते. शोक करणाऱ्यांत तरुणांचा भरणा होता. विद्यापीठांतील आंदोलने नुकतीच मोडून काढली गेली होती, हा संदर्भ इथे विसरता येत नाही.

१२/
आठवडाभराने, ३१ मार्च १९७० रोजी, 'लाल सेना' गटाच्या नऊ तरुणांनी हानेदाहून फुकुओकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे 'योदो' विमान पळवले. ते अखेरीस उत्तर कोरियात प्योंगयांगला पोहोचले. त्यांचा म्होरक्या ताकामारो तामिया याने निघण्यापूर्वी लिहिलेल्या निवेदनात आपल्या गटाची तुलना थेट 'उद्याच्या जो'शी केली होती.

दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल रोजी, ओसामू देझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आशिता नो जो' या अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. बातम्यांत विमान अजून सेऊलच्या धावपट्टीवर उभे होते.

१३/
इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जो हा क्रांतिकारक नव्हता. त्याला राजकारण ठाऊक नव्हते. काजिवारा आणि चिबा यांनीही त्याला कोणत्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून घडवले नव्हते.

तरीही आंदोलनातील विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार आणि शाळकरी मुले यांनी त्याच्यात आपापला चेहरा पाहिला. गोंडस आदर्श बाजूला पडला की नायकाच्या ठिकाणी मोकळी जागा तयार होते. त्या जागेत कोण येऊन बसेल, हे लेखकाच्या हाती उरत नाही. विमान पळवणारेही तिथे येऊन बसू शकतात, हा त्यातला धोका.

१४/
नायकाच्या साच्याला दुसरा धक्का दिला तो स्त्रीने. या कथेचे धागेदोरे पुन्हा तेझुकांच्या बालपणाकडे जातात. ते ताकाराझुका या गावी वाढले. १९१४पासून तिथे फक्त स्त्रियांची नाटकमंडळी होती आणि पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. आईबरोबर ते प्रयोग पाहत तेझुका मोठे झाले.

मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, त्याच सुमारास जपानच्या या गावी हा उलटा प्रकार रुजत होता. त्यातून तेझुकांची 'रिबोन नो किशी' ही चित्रकथा सुचली. तिची नायिका साफायर ही राजपुत्राच्या वेशात वावरणारी राजकन्या. १९६७ साली तिच्यावर अ‍ॅनिमे मालिका आली.

१५/
१९७२ साली रियोको इकेदा यांनी मुलींच्या साप्ताहिकात 'व्हर्सायचे गुलाब' ही चित्रकथा सुरू केली. स्टेफान झ्वाइग यांच्या चरित्रग्रंथावरून प्रेरणा घेतलेल्या या कथेची नायिका होती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. राणीच्या संरक्षणासाठी एक दुय्यम पात्र योजले गेले : ऑस्कर फ्रांस्वा द झार्जाए. सरदाराची धाकटी मुलगी, पण बापाने मुलगा म्हणून वाढवलेली.

वाचक मुलींनी राणीला मागे सारले आणि ऑस्करला नायकपद बहाल केले. १९७४ साली ताकाराझुकाने तिला रंगमंचावर आणले. ऑक्टोबर १९७९मध्ये अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली आणि तिच्या उत्तरार्धाचे दिग्दर्शन 'जो'च्याच देझाकींनी केले.

१६/
ऑस्करचे वेगळेपण केवळ वेशात नाही. ती राजसत्तेच्या अगदी जवळ राहून त्या सत्तेचा पोकळपणा पाहते. पॅरिसची भूक पाहते. अखेर सरदारकी सोडून आपल्या सैनिकांसह जनतेच्या बाजूने उभी राहते आणि १४ जुलै १७८९ रोजी बास्तिलसमोर गोळ्या झेलून मरते. फ्रेंच गार्ड दलाचे सैनिक त्या दिवशी खरोखरच जनतेला जाऊन मिळाले होते, हा इतिहास इकेदांनी कथेत नेमका गुंफला.

मोमोतारोने राजाज्ञा पाळली, ऑस्करने ती मोडली. पुरुषांच्या तुकडीला हुकूम देणारी ही स्त्री पडद्यावर आली तेव्हा जपानमधील नोकरीतील समान संधीचा कायदा संमत व्हायला अजून सहा वर्षे होती.

१७/
ऑस्करच्या काही महिने आधी, ७ एप्रिल १९७९ रोजी, 'किदो सेन्शी गंडाम' सुरू झाले. महाकाय यंत्रमानवांच्या मालिका तेव्हा दुकानांतील खेळणी खपवण्यासाठी बनत. प्रत्येक भागात दुष्ट आक्रमक येई आणि शूर तरुण यंत्रात बसून त्याचा फडशा पाडी.

दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी हा साचा आतून उलटवला. तोमिनोंची कारकीर्द मुशी प्रॉडक्शनमध्ये, 'आतोम'च्याच कामावर सुरू झाली होती. त्यांचा नायक अमुरो रे हा पंधरा वर्षांचा, एकलकोंडा, यंत्रांत रमणारा मुलगा. तो सैनिक नव्हता. युद्ध त्याच्या दारात आले, म्हणून तो यंत्रात चढला.

१८/
अमुरो थकतो, चिडतो, खोलीत कोंडून घेतो. एकदा तो लढायला साफ नकार देतो. जहाजाचा तरुण कप्तान ब्राइट त्याच्या थोबाडीत मारतो, तेव्हा आपल्यावर बापानेही कधी हात उगारला नव्हता, असा त्याचा संताप उफाळून येतो. नंतर तो यंत्रासह पळूनही जातो.

एका भागात त्याची आईशी गाठ पडते. तिच्या डोळ्यांदेखत तो शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो. मुलगा जिवंत परतला याचा आनंद तिला होत नाही. तो काय झाला आहे, हे पाहून ती हादरते. मोमोतारोच्या गावी विजयी सैनिकाचे कौतुक होते. अमुरोला घरात जागा उरत नाही.

१९/
शत्रूलाही इथे चेहरा होता. दोन्ही बाजूंना भले आणि बुरे, दोन्ही बाजूंना शोक करणारी कुटुंबे. लहान मुलांना हे रुचले नाही. प्रेक्षक कमी, खेळण्यांचा खप बेताचा. ५२ भागांची योजना ४३ भागांवर आटोपली आणि २६ जानेवारी १९८० रोजी मालिका संपली.

पुनःप्रक्षेपणात मात्र तिला तिचे खरे प्रेक्षक सापडले : किशोरवयीन मुले आणि महाविद्यालयीन तरुण. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी चित्रपटरूपाच्या निमित्ताने टोकियोच्या शिंजुकु स्थानकासमोर हजारो तरुण जमले आणि तिथे अ‍ॅनिमेच्या नव्या युगाची घोषणा वाचली गेली.

२०/
वेगळ्या नायकांना बाजारानेही हातभार लावला, हे मान्य करायला हवे. आतोम पाहत वाढलेली मुले आता तरुण झाली होती. १९७८ साली 'अ‍ॅनिमाज' हे अ‍ॅनिमेला वाहिलेले मासिक निघाले. वयात आलेल्या प्रेक्षकाला वयात आलेला नायक हवा होता.

जुना नायकही लुप्त झाला नव्हता. १९७४च्या 'अंतराळ युद्धनौका यामातो'मध्ये १९४५ साली बुडालेली युद्धनौकाच दुरुस्त होऊन पृथ्वी वाचवायला निघते. त्यागाची आणि विजयाची ओढ जपानी प्रेक्षकात कायम होती. वेगळे नायक या ओढीच्या शेजारी राहून तिला प्रश्न विचारत राहिले.

२१/
त्या प्रश्नांतला सर्वांत बोचरा प्रश्न एका मृत मुलाने विचारला. १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झालेला इसाओ ताकाहाता यांचा 'काजव्यांचे थडगे' हा चित्रपट नायकाच्या मृत्यूनेच सुरू होतो. २१ सप्टेंबर १९४५च्या रात्री कोबे शहरातील सान्नोमिया स्थानकाच्या खांबाशी टेकून चौदा वर्षांचा सेइता भुकेने मरतो. त्याआधी त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको गेलेली असते.

सेइताचे वडील नौदलात अधिकारी आहेत. ज्या नौदलाने मोमोतारोला पडद्यावर आणले, त्याच नौदलातील एका अधिकाऱ्याचा हा मुलगा.

२२/
मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. ५ जून १९४५च्या कोबेवरील हल्ल्यात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले आणि पुढे लहानगी बहीण कुपोषणाने गेली. आपण सेइताइतके प्रेमळ भाऊ नव्हतो, ही खंत त्यांना आयुष्यभर छळत राहिली. कथेतल्या भावाला त्यांनी बहिणीबरोबरच मरण दिले.

ताकाहातांनाही हे ऐकीव नव्हते. वयाच्या नवव्या वर्षी ते ओकायामावरील बॉम्बवर्षावातून निसटले होते. १९४८च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे १ लाख २३ हजार अनाथ मुलांची नोंद झाली. सेइता हा त्या गर्दीतला, पण नोंद होण्यापूर्वीच संपलेला.

२३/
चित्रपट पाहून सर्वजण रडतात. ताकाहातांना मात्र नुसते अश्रू अपेक्षित नव्हते. सेइता मानी आहे. मावशीचे टोमणे सहन न होऊन तो बहिणीला घेऊन घर सोडतो आणि डोंगरातील रिकाम्या भुयारात संसार मांडतो. माणसांपासून तुटण्याचा हा निर्णयच दोघांच्या जिवावर बेततो. त्याच्या वागण्यात आपल्या काळातील तरुण दिसतात, असे ताकाहातांनी सांगितले होते.

म्हणून सेइता हा केवळ बळी नाही. तो चुकणारा नायक आहे. त्याच्या चुकीची शिक्षा इतकी भयंकर का असावी, हा प्रश्न प्रेक्षक घरी घेऊन जातो.

२४/
ताकाहातांचे सहकारी हायाओ मियाझाकी यांनी १९९२ साली आणखी विचित्र नायक दिला : मध्यमवयीन, जाडजूड, सिगारेट ओढणारे डुक्कर. 'कुरेनाइ नो बुता' हा चित्रपट मुसोलिनीच्या इटलीत, एड्रियाटिक समुद्रावर घडतो. पहिल्या महायुद्धात मित्र गमावलेला एक वैमानिक शापाने डुक्कर झाला आहे. वायुदलात परतायला तो तयार नाही. फॅसिस्टांची चाकरी करण्यापेक्षा त्याला डुक्कर राहणे पसंत आहे.

मियाझाकींच्या कुटुंबाचा कारखाना युद्धकाळात झिरो लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवत असे. विमानांचे प्रेम आणि विमानांनी केलेला संहार, या दोहोंच्या मध्ये हे डुक्कर उडत राहते.

२५/
मग आले १९९५. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप, ६,४००हून अधिक बळी. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाचा सारिन विषवायूचा हल्ला. आर्थिक फुगा फुटून काही वर्षे झालेली. सुरक्षित आणि समृद्ध जपान ही प्रतिमा तडकली होती.

४ ऑक्टोबर १९९५ रोजी 'शिन सेइकी एव्हांगेलियोन' सुरू झाले. मालिकेची आखणी १९९३मध्येच झाली होती, त्यामुळे ती या घटनांतून जन्मली असे म्हणणे चूक ठरेल. प्रेक्षकांनी मात्र ती या घटनांनंतर पाहिली. निर्मिती आणि स्वीकार यांतला हा फरक इतिहासाच्या अभ्यासकाने जपला पाहिजे.

२६/
चौदा वर्षांच्या शिंजी इकारीला त्याचा बाप अनेक वर्षांनी बोलावून घेतो आणि महाकाय यंत्रात बसायला सांगतो. शिंजी नको म्हणतो. जखमी मुलीला त्याच्याऐवजी पुढे आणले जाते, तेव्हा तो नाइलाजाने चढतो. बापाने शाबासकी द्यावी, कुणीतरी आपल्याला हवे म्हणावे, एवढीच त्याची भूक. राष्ट्र, न्याय, मानवजात हे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो स्वतः दीर्घ नैराश्यातून बाहेर येत होते. शेवटच्या दोन भागांत लढाई बाजूला पडते आणि कथा शिंजीच्या मनात शिरते. अनेक प्रेक्षक संतापले. १९९७ साली चित्रपटातून दुसरा शेवट सांगितला गेला, तोही दिलासा देणारा नव्हता.

२७/
आतोमला बापाने विकले आणि शिंजीला बापाने टाकले. मधल्या ३२ वर्षांत एक बदल झाला. आतोमने ते दुःख गिळून जगाला वाचवले. शिंजीने ते बोलून दाखवले. 'मला भीती वाटते' असे नायकाने उघडपणे म्हणणे ही १९४५च्या पडद्यावर अशक्य गोष्ट होती.

२००३ साली सातोशी कोन यांच्या 'टोकियो गॉडफादर्स'मध्ये नायकपद तीन बेघरांकडे गेले : एक मद्यपी, एक तृतीयपंथी आणि घरातून पळालेली एक मुलगी. नाताळच्या रात्री कचऱ्यात सापडलेल्या तान्ह्या मुलीची आई शोधत ते बर्फातून हिंडतात. जो ज्या वस्तीतून आला होता, तिथेच कथा पुन्हा पोहोचली.

२८/
महाराष्ट्रातील एका पिढीनेही असा एक नायक नकळत पाहिला आहे. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली मोगलीची मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९मध्ये तयार केली होती. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची कथा, सिवनीचे जंगल, विदर्भात उतरणारी वैनगंगा आणि चित्रे जपानची.

लांडग्यांत वाढलेला, पण लांडगा नसलेला. माणूस असूनही गावात न मावणारा. दोन्ही जगांच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा मुलगा आतोमच्याच कुळातला. त्याचे शीर्षकगीत पाठ असणाऱ्यांना तो जपानमार्गे आला, हे बहुधा ठाऊक नव्हते.

२९/
नायक हा समाजाने आपल्या मुलांना दिलेला शब्द असतो. असे व्हा, म्हणजे जग तुमचे होईल. जपानने १९४५ साली दिलेला शब्द चार महिन्यांत खोटा ठरला. त्यानंतरच्या कलावंतांपैकी अनेकांनी ते युद्ध लहानपणी पाहिले होते. त्यांनी मुलांशी अधिक सावधपणे बोलायचे ठरवले. टाकलेला यंत्रमानव, अनाथ मुष्टियोद्धा, आज्ञा मोडणारी सेनानी, लढायला नकार देणारा मुलगा, भुकेने मेलेला भाऊ. यांपैकी कुणीही विजयाची खात्री देत नाही. तुम्ही एकटे नाही, एवढेच ते सांगतात आणि कधी कधी तेवढेही सांगत नाहीत.

३०/
अखेरीस पुन्हा ओसाकाचे ते चित्रपटगृह. सोळा वर्षांच्या तेझुकाला त्या चित्रपटात नेमके काय भावले? युद्धपट असूनही त्याचे रूप शांततेचे आहे, अशा आशयाची नोंद त्याने दैनंदिनीत केली होती.

त्या चित्रपटात एक दृश्य आहे. वाऱ्यावर फुलाच्या म्हाताऱ्या तरंगत जातात आणि पाहणाऱ्या सैनिकाला त्या हवाई छत्र्यांसारख्या भासतात. नौदलाला त्या दृश्यात छत्र्या हव्या होत्या. चित्रकारांनी म्हाताऱ्याही तितक्याच मन लावून काढल्या. मोमोतारो युद्धाबरोबर संपला. त्या म्हाताऱ्या मात्र जळक्या शहरातून वाऱ्यावर कुठे कुठे जाऊन रुजल्या.